‘स्मृतिचित्रे’ आणि आपली अबोल घरे

मराठी आत्मचरित्रांचा विषय निघाला, की लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथाचा उल्लेख झाल्यावाचून राहत नाही. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आज नव्वद वर्षांनंतरही वाचले जाते. १९५० साली जोसेफीन इंक्स्टर यांनी आणि २०१७ साली शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. मराठीच्या प्राध्यापकांनी त्याच्या भाषेचे गोडवे गायिले, स्त्रीजीवनाच्या अभ्यासकांनी त्यातील पत्नीच्या सोशिकतेचा आणि तिच्या विनोदाचा मागोवा घेतला. इतके होऊनही, ज्या जिल्ह्यात या ग्रंथातील महत्त्वाच्या घटना घडल्या त्या आपल्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे २०२४ पासून अधिकृतरीत्या अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील, कॅथलिक कुटुंबांत हा ग्रंथ क्वचितच आढळतो, असा आमचा अनुभव आहे.

याची दोन कारणे आम्हांस दिसतात. पहिले कारण असे, की टिळक दांपत्य अमेरिकन मिशनचे, म्हणजे प्रॉटेस्टंट. तेव्हा हे पुस्तक ‘त्यांचे’, आपले नव्हे, अशी एक जुनी समजूत घरोघरी मुरलेली आहे. रेव्हरंड टिळकांची पदे आपण आपल्या मंदिरांत मनापासून गातो, पण त्यांच्या पत्नीचे पुस्तक मात्र कुंपणापलीकडचे मानतो, ही विसंगती कोणाच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६४ च्या ऐक्यविषयक आदेशपत्रात, आपल्यापासून विभक्त झालेल्या बांधवांकडे जे जे खरे ख्रिस्ती धन आहे ते आपण आनंदाने ओळखावे व त्याची कदर करावी, असे शिकविले आहे. त्या शिकवणुकीला आता साठ वर्षे उलटून गेली. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. ज्यांनी पुस्तक वाचले आहे, त्यांनीही ते बहुधा एका थोर कवीच्या धर्मांतराची हकीकत म्हणून, किंवा एका विक्षिप्त नवऱ्याच्या बायकोची गंमतीदार कहाणी म्हणून वाचले आहे. आमच्या मते या दोन्ही वाचनांत पुस्तकाचा गाभा निसटतो.

तो गाभा आम्ही असा समजतो : ‘स्मृतिचित्रे’ हा एका सामान्य गृहिणीने नवा अनुभव कसा स्वीकारला, आणि स्वीकारताना तो आपल्या स्वतःच्या शब्दांत कसा सांगितला, याचा इतिहास आहे. त्यातील रणांगण म्हणजे चूल, पाण्याची घागर, आजारी मुलाचे अंथरूण आणि रिकामा झालेला धान्याचा डबा. म्हणूनच तो आपल्या धर्मग्रामांतील घरांशी बोलतो.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. बाजारातून आलेला जिन्नस धुऊन घेतल्याशिवाय घरात येऊ द्यायचा नाही, अशी त्या घराची रीत. अकराव्या-बाराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते, अक्षरओळख झाली ती नवऱ्याने शिकविल्यामुळे. टिळक बुद्धिमान, उदार, कविहृदयाचे, पण तितकेच लहरी आणि तापट. हातात आलेला पैसा गरजूला देऊन टाकावा आणि घरात उद्या काय शिजेल याची चिंता बायकोवर सोपवावी, न सांगता घरातून निघून जावे, अशी त्यांची तऱ्हा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला ही बातमी आधी कळविलेली नव्हती. लहानगा दत्तू पदरी आणि नवरा जातीबाहेर गेलेला, अशा स्थितीत सव्वीस वर्षांच्या लक्ष्मीबाई नातलगांच्या आश्रयाला राहिल्या. पुढे त्या नगरला आल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

मधली ही पाच वर्षे पुस्तकाचा कणा आहेत. समीक्षकांचे लक्ष बहुधा टिळकांच्या धर्मांतराकडे लागते, कारण ते नाट्यमय आहे. आमचे लक्ष त्यापेक्षा लक्ष्मीबाईंच्या विलंबाकडे जाते. नवरा ख्रिस्ती झाला म्हणून बायको ख्रिस्ती झाली, असे येथे घडलेले नाही. विरहाच्या काळात दुःख अनावर झाले, तेव्हा जवळजवळ निरक्षर असलेल्या या बाईने पद्ये रचली. कोणी मागितली नव्हती, कोणी छापणार नव्हते. जे सांगायला घरात कोणी श्रोता उरला नाही, ते तिने ओळींना सांगितले. पुढे नगरला नवऱ्याजवळ आल्यावरही त्यांनी आपला स्वयंपाक व पाणी वेगळे ठेवले. नवऱ्याविषयी प्रेम होते, पण त्याच्या श्रद्धेवर केवळ प्रेमापोटी सही करायला त्या तयार नव्हत्या. त्यांना स्वतः पाहायचे होते.

आणि त्यांनी पाहिले ते राहुरीला. विचार करता करता त्यांच्या मनात प्रश्न आला, की या जाती देवाने निर्माण केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या, तर पशुपक्ष्यांच्या जातींत दिसतो तसा उघड भेद माणसांच्या देहांत दिसला असता. जन्म, मरण, भूक, दुःख सर्वांना सारखेच असताना हा भेद देवाचा कसा? म्हणजे तो माणसांचा. मग तो पाळायचे कारण काय? या तर्कापाशी त्या पोहोचल्या आणि कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा त्यांनी निश्चय केला. जो घरचा जिन्नससुद्धा धुऊन घेई, त्या बापाची ही मुलगी! या प्रसंगात कोणताही उपदेशक उपस्थित नाही. एक बाई आपल्या मनाशी बोलते आणि बोलता बोलता शतकानुशतकांची भिंत ओलांडते. नवा अनुभव येणे म्हणजे नव्या गावी जाणे किंवा नवी वस्तू हाती पडणे, असा आपला एक समज असतो. येथे अनुभव जुनाच आहे, तहान लागणे आणि पाणी पिणे. नवे आहे ते हे, की आपण जे रोज करतो ते का करतो, असे तिने स्वतःला विचारले.

संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री येथे आठवल्याशिवाय राहत नाही. तेथेही प्रश्न पाण्याचाच आहे. यहूदी आणि शोमरोनी यांच्यात भांड्यांचा व्यवहार नव्हता, आणि प्रभू येशू त्या बाईजवळ पाणी मागतो. बोलणे वाढत जाते, तिचे सारे आयुष्य उघडे होते, आणि ती आपली घागर तेथेच ठेवून गावात जाते. जी बाई लोकांना टाळून भर दुपारी विहिरीवर आली होती, तीच गावाला हाका मारू लागते. आपण या कथेवर अनेक प्रवचने ऐकली आहेत. परंतु तिचा शेवट सहसा सांगितला जात नाही. गावकरी त्या स्त्रीला म्हणतात, की आता आम्ही केवळ तुझ्या सांगण्यावरून विश्वास ठेवीत नाही, आम्ही स्वतः ऐकले आहे. लक्ष्मीबाई टिळक या त्या गावकऱ्यांपैकी आहेत. नवऱ्याच्या सांगण्यावरून त्या विश्वासात आल्या नाहीत, स्वतः ऐकून आल्या. पुढे घागर ठेवून गावाला सांगायला निघालेली बाईही त्याच झाल्या. त्यांच्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असावे, याचे आम्हांस फार समाधान वाटते.

आता भाषेविषयी. ख्रिस्ती मराठीला ‘मिशनरी मराठी’ म्हणून हिणविण्याची एक प्रथा होती, आणि ती अगदीच निराधार नव्हती. परदेशी विचार परदेशी वाक्यरचनेतच मराठीत उतरविल्याने आपल्या प्रार्थनांना व प्रवचनांना एक परकेपणा चिकटला होता. वास्तविक आपल्या परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्येच ‘क्रिस्तपुराण’ छापून ओवीच्या रूपाने ख्रिस्तचरित्र या मातीत रुजविले होते. लक्ष्मीबाईंनी हेच काम गद्यात केले, आणि तेही न ठरविता. त्यांचे वाक्य लहान असते. ते ओसरीवर बसून सांगितल्यासारखे असते. त्यात विशेषणांची आरास नसते. दुःखाचा प्रसंग आला की वाक्य अधिकच लहान होते आणि पुढच्याच ओळीत एखादी साधी, घरगुती गोष्ट येऊन हसू फुटते. श्रद्धेविषयी लिहितानाही त्या श्रद्धेचे ठरीव शब्द वापरीत नाहीत. कृपा, पापक्षमा, तारण या शब्दांचा अर्थ त्यांनी चुलीजवळ शोधला आहे. ख्रिस्ती साहित्याला जी भाषा साधण्यासाठी विद्वानांना खटपट करावी लागली, ती या बाईंना आपोआप लाभली, कारण त्यांनी दुसऱ्याची भाषा उसनी घेण्याचा प्रयत्नच केला नाही.

या ठिकाणी थोडी तुलना उपयोगी पडेल. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. तेही एका थोर पुरुषाच्या पत्नीचे, तेही प्रामाणिक आणि हृद्य. परंतु त्यात पत्नी पतीच्या सावलीत उभी राहून बोलते, न्यायमूर्ती मध्यभागी आणि ती कडेला. ‘स्मृतिचित्रे’त पती मध्यभागी आहेच, पण पत्नी त्याच्यासमोर उभी आहे. ती त्याच्याशी भांडते, त्याची थट्टा करते, त्याच्यावर रुसते, त्याच्या मोठेपणापुढे नम्रही होते. तिची नम्रता आपल्या डोळ्यांनी पाहिलेले नाकारायला लावणारी नाही. आपल्याकडे ‘पतिव्रता’ या शब्दाचा जो अर्थ चालत आला आहे, त्याला हे पुस्तक काही न बोलता छेद देते.

मात्र पुस्तकाचे गुण सांगताना त्याच्या उणिवा झाकणे हे समीक्षेचे काम नव्हे. ‘स्मृतिचित्रे’त सनावळी फार थोडी आहे, प्रसंग पुढेमागे होतात. शेवटचा भाग लेखिकेच्या निधनामुळे अपुरा राहिला. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या, आणि पुढचा धागा मुलाने पुरा केला, तेथे आवाज बदलल्याचे जाणवते. याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्यांचा विनोद. तो या ग्रंथाचे भूषण आहे, हे खरे. पण काही ठिकाणी तो जखमेवर घातलेले फडके होतो. टिळकांच्या संतापाचे, घर सोडून जाण्याचे, पत्नीला काही न विचारता घेतलेल्या निर्णयांचे प्रसंग त्या अशा खुसखुशीतपणे सांगतात, की वाचक हसतो आणि पुढे जातो. लेखिकेने हसून क्षमा केली असेल, तो तिचा अधिकार. वाचकाने मात्र हसून ते योग्य ठरवू नये. कितीतरी घरांत पुरुषाच्या तापटपणाला ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून बायका हसण्यावारी नेतात, हे धर्मगुरू म्हणून आम्ही जाणतो. थोर कवीचा संताप हाही संतापच असतो, आणि ज्या बाईला तो सोसावा लागला तिच्या विनोदाआड तिचे अश्रू आहेत, हे ध्यानात ठेवून ही पाने वाचली पाहिजेत.

१९१९ साली टिळकांचे निधन झाले, तेव्हा लक्ष्मीबाई पन्नाशीच्या उंबरठ्यावर होत्या. आपल्याकडे या वयाच्या विधवेकडून काय अपेक्षिले जाते? तिने जपमाळ हाती घ्यावी, नातवंडे सांभाळावीत आणि बोलू नये. जपमाळ आणि नातवंडे या दोन्ही गोष्टी चांगल्याच आहेत. पण लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातील लेखनाचे मोठे काम यानंतरचे आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले होते आणि दहा-अकरा अध्यायांपाशी ते थांबले होते. लक्ष्मीबाईंनी पुढचे साठांहून अधिक अध्याय रचले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ साली तो ग्रंथ प्रकाशित झाला. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरे शिकविली, तिने नवऱ्याचे अपुरे महाकाव्य पुरे करावे, यातील गोडी वेगळी सांगायला नको. ‘स्मृतिचित्रे’ही याच उत्तरायुष्यातले. नवा अनुभव घेण्याचे वय सरले, असे त्यांना कधी वाटलेले दिसत नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आमच्या वाचकांच्या मनात प्रामाणिकपणे येतो हे आम्ही जाणतो. आक्षेप असा : ख्रिस्ती माणसाला नम्रता शिकविली जाते. स्वतःविषयी बोलणे, स्वतःचे गुण दाखविणे, नव्या नव्या गोष्टींच्या मागे लागणे हे अहंकाराला खतपाणी घालणे नव्हे काय? आज तर हातात मोबाइल घेऊन जो तो आपले जेवण, आपले कपडे, आपला प्रवास जगाला दाखवीत सुटला आहे. मग आत्माविष्काराचे कौतुक कशाला?

आक्षेपातील चिंता रास्त आहे. पण त्याचे उत्तर मौनात नाही. दाखविणे आणि सांगणे यांत फरक आहे. दाखविणाऱ्याला प्रेक्षक हवे असतात, सांगणाऱ्याला सत्य हवे असते. पवित्र मरियेचे स्तोत्र आपण संध्याप्रार्थनेत म्हणतो. ती एका खेड्यातली मुलगी. तिच्या आयुष्यात अकल्पित घटना घडली, ती डोंगराळ भागातल्या नात्याच्या बाईकडे गेली, आणि त्या घराच्या दाराशी तिने गाणे म्हटले. त्या गाण्यात ती ‘माझ्या बाबतीत मोठे कृत्य झाले’ असे निःसंकोच सांगते, आणि त्याच दमात ते करणारा कोण हेही सांगते. यात नम्रता नाही, असे कोण म्हणेल? आपल्या बाबतीत काहीच घडले नाही असे भासविणे ही नम्रता नसून ते दात्याचे दान लपविणे आहे. मिळालेले नाणे जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत आपण सर्वांनी ऐकला आहे.

आपल्या कॅथलिक परंपरेत याची थोर उदाहरणे आहेत. लिझ्यूच्या लहान तेरेझेने मठातील विश्रांतीच्या वेळी बालपणीच्या आठवणी सांगितल्या, तेव्हा मठाधिकारी असलेल्या तिच्या थोरल्या बहिणीने त्या लिहून काढण्यास सांगितले. तेरेझेने लिहायला सुरुवात केली ती जानेवारी १८९५ मध्ये. म्हणजे इकडे मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा व्हायच्या आणि लक्ष्मीबाईंचे दुःख सुरू व्हायच्या अगदी एक महिना आधी, तिकडे फ्रान्समधल्या एका बंद मठात दुसरी एक तरुण स्त्री आपल्या साध्या आठवणी वहीत उतरवीत होती. दोघींना एकमेकींची वार्ताही नव्हती. तेरेझा १८९७ मध्ये वारली, पुढच्या वर्षी तिची वही पुस्तकरूपाने निघाली, आणि १९९७ मध्ये ख्रिस्तसभेने तिला आचार्यपद दिले. भांडी घासणे, कपडे धुणे, चिडखोर भगिनीशी गोड बोलणे, एवढ्याच भांडवलावर लिहिलेले ते पुस्तक आहे. लक्ष्मीबाईंच्या भांडवलाची जातही तीच.

आता या ग्रंथाची एक मर्यादा सांगणे आम्हांस अधिक निकडीचे वाटते, कारण ती आपल्या थेट जिव्हाळ्याची आहे. ‘स्मृतिचित्रे’ हे ब्राह्मण घरातून आलेल्या बाईचे पुस्तक आहे. जातीची भिंत ती कशी ओलांडते, हे आपण वरच्या बाजूने पाहतो. ज्यांच्या हातचे पाणी तिने प्यावे की न प्यावे हा प्रश्न होता, त्यांना काय वाटले? हे पुस्तक ते सांगू शकत नाही, आणि लक्ष्मीबाईंनी तसा दावाही केलेला नाही. परंतु या जिल्ह्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे, कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, पूर्वाश्रमीच्या महार व मांग समाजांतून आलेली आहेत. दुष्काळ, वेठबिगार, गावकुसाबाहेरचे घर, पाणवठ्यावरची मनाई आणि मग ख्रिस्तावरील श्रद्धा, असा त्यांचा प्रवास आहे. लक्ष्मीबाई राहुरीत ज्या काळी आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधीत होत्या, त्याच काळी त्याच तालुक्यातील केंदळ येथे जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंचे कार्य चालू होते. १९०३ साली फादर हेन्री डोरिंग यांनी तेथूनच ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. म्हणजे छापखाना, मासिक, वाचक हे सारे आपल्या अंगणात शतकाहून अधिक काळ आहे. तरीही केंदळच्या, वळणच्या, संगमनेरच्या किंवा हरेगावच्या एखाद्या आजीने, आपल्या घरात श्रद्धा कशी आली, हे आपल्या शब्दांत लिहिलेले पुस्तक आपल्या कपाटांत कितीसे सापडेल?

लेखनाची शक्ती या मातीत नाही, असे कोणी म्हणू नये. दया पवार याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यातल्या धामणगावचे. त्यांच्या ‘बलुतं’ने १९७८ साली मराठी साहित्याला हादरा दिला. पुढे १९८६ मध्ये बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ग्रंथरूपाने आले. जे घराबाहेर सांगायचे नसते असे मानले जाई, ते या लेखकांनी सांगितले, आणि सांगितल्यामुळे त्यांचा समाज लहान झाला नाही, उलट उंचावला. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांनी मात्र दोन प्रकारचे मौन पत्करले. जुन्या जातीविषयी बोलायचे नाही, कारण ते मागे टाकले असे आपण म्हणतो. आणि नव्या श्रद्धेविषयी बोलायचे ते फक्त पाठ केलेल्या शब्दांत, कारण चुकण्याची भीती वाटते. घरगुती प्रार्थनेच्या वेळी ‘आता कोणी स्वतःच्या शब्दांत विनंती करा’ असे म्हटले, की खोलीत शांतता पसरते. मग कोणीतरी धीर करून रोग्यांसाठी आणि प्रवाशांसाठी प्रार्थना करते. रोग्यांसाठी प्रार्थना करावीच. पण त्याच खोलीत बसलेल्या बाईच्या मनात मुलाच्या व्यसनाचा, सुनेशी झालेल्या अबोल्याचा, यंदा ऊसतोडीला जावे लागेल की काय याचा घोर असतो, तो देवापुढेही शब्दांत उतरत नाही. ज्या श्रद्धेत माणसाला स्वतःचे वाक्य नसते, ती श्रद्धा पहिल्या वादळात डगमगते, अशी आम्हांस धास्ती वाटते.

म्हणून ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ आपल्या घराघरांत वाचला जावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. एखाद्या मुलीला नाटकात काम करायचे असते, एखाद्या गृहिणीला चाळिशीनंतर सायकल शिकायची असते, कोणाला रात्रशाळेत बसायचे असते, कोणाला कविता लिहिताना घरचे पाहतील म्हणून वही धान्याच्या कोठीमागे लपवावी लागते. अशा वेळी ‘हे आपल्याला शोभते का’ हा प्रश्न घरात पहिल्याने विचारला जातो. त्याऐवजी ‘हे देवाने मना केले आहे की माणसांनी’ हा लक्ष्मीबाईंचा प्रश्न विचारून पाहावा. पुष्कळदा उत्तर सोपे असते. क्वचित ते उत्तर ‘देवाने’ असेही येईल, कारण प्रत्येक नवी गोष्ट चांगलीच असते असे मानण्याचा भोळेपणा लक्ष्मीबाईंतही नव्हता. पाच वर्षे त्यांनी घाई केली नाही. पण एकदा उत्तर सापडल्यावर त्या थांबल्याही नाहीत.

शेवटी एक साधी गोष्ट. हा ग्रंथ जन्माला आला त्याचे निमित्त काय? मुलगा देवदत्त, म्हणजे लहानपणचा दत्तू, वडिलांचे चरित्र लिहिण्याच्या विचारात होता. त्यासाठी त्याने आईला आठवणी लिहून देण्यास सांगितले. आईने वडिलांविषयी लिहिता लिहिता स्वतःला लिहिले. तो विचारता ना, तर ही सारी संपत्ती आईबरोबरच गेली असती. आपल्या प्रत्येक धर्मग्रामात साठी-सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी बाया आहेत. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे. मतमाउलीच्या यात्रेला त्या पायी गेल्या आहेत. पुष्कळांना लिहिता येत नाही, पण सांगता सगळ्यांना येते. त्यांची मुले-नातवंडे शिकलेली आहेत, घरात कोऱ्या वह्या आहेत. एखाद्या रात्री जेवणे उरकल्यावर नातवाने वही उघडून आजीजवळ बसावे आणि विचारावे, की आजी, तू पहिल्यांदा मिस्साला गेलीस तेव्हा काय घडले? ती म्हणेल, ‘त्यात काय सांगायचं, बाबा?’ त्याने उठू नये. थोड्या वेळाने ती सांगू लागेल.